तेवीस वर्षांची ओळ

मिस्त्रीच्या घरात आयुष्याचा आकडा तोंडातून काढायचा नाही, असा नियम होता. नियम म्हातारीचा, म्हणजे मिस्त्रीच्या आईचा. तिच्या नवऱ्याला डॉक्टरांनी एकदा "सहा महिने" सांगितले होते आणि तो दिवस मोजून सहा महिन्यांनी गेला. तो आजाराने गेला हे म्हातारीला कधीच पटलं नाही. तिच्या मते डॉक्टरांनी त्याला बोलून घालवला. बोलले नसते तर खोकत का होईना, दारात बसलेला दिसला असता. तेव्हापासून त्या घरात 'अजून इतकी वर्षं' असं कोणी म्हणत नसे. नवी खाट घेतली तरी ती किती टिकेल हे विचारायची चोरी. मिस्त्रीण लग्न होऊन आली तेव्हा या गोष्टीला तोंड लपवून हसायची. पुढे हसणं गेलं आणि नियम तेवढा अंगवळणी पडला.

मिस्त्री लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षं करवतीवर होता. ओंडका मशीनवर चढवण्याआधी तो त्याच्यावरून सगळीकडे तळवा फिरवायचा. झाडात कोणी कधीकाळी ठोकलेला खिळा, तारेचा तुकडा, काही असेल तर हाताला लागायचं. बाकीचे त्याला चिडवायचे, "मिस्त्री, ओंडका आहे, म्हैस नाही." मिस्त्री म्हणायचा, "म्हैस लाथ मारते. हा हात नेतो." आणि नेला. चार बोटं आणि अर्धा तळवा. उरलेल्या अंगठ्यात जीव होता, पण जाणीव नव्हती. चटका बसला तरी वास आल्यावर कळायचं.

करवतीवर लोखंडी झाकण असतं. रुंद ओंडके अडकतात म्हणून मालकाने ते अपघाताच्या दोन वर्षं आधी काढायला लावलं होतं. मिस्त्री तेव्हा एकदा "नको" म्हणाला होता. दुसऱ्यांदा म्हणायला गेला नाही, कारण मालक मालक होता. एवढीच काय ती त्याची चूक, आणि तीही त्याने कोणाला सांगितली नव्हती.

मालकाशी तडजोड झाली त्या दिवशी भरपाईच्या ऑफिसात बाकावर तिघं बसली होती: मिस्त्री, मिस्त्रीण आणि त्यांच्या वकिलाचा कारकून. मिस्त्रीने उजव्या हातावर मोजा चढवला होता. लोकांचे डोळे हातावर बसतात आणि उठतच नाहीत, म्हणून मिस्त्रिणीने एक जुना मोजा कापून शिवला होता. समोर मालकाचा वकील मनगटावरचं घड्याळ बघत होता. कारकुनाने कागद वाचायला घेतला. भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याच्याकडे अशाच चार जोड्या अजून बसायच्या होत्या.

"...ही सगळी रक्कम एकदम दिली असली, तरी ती कामगाराच्या उरलेल्या आयुष्यासाठी, म्हणजे तेवीस वर्षांसाठी, दर महिन्याला विभागून धरावी."

मिस्त्रीण ताठ झाली. "काय वर्षं म्हणालात?"

"तेवीस, वहिनी. मिस्त्री चौपन्न. सरकारी तक्ता आहे, त्यात चौपन्नला तेवीस उरतात."

"कोणाची उरतात?"

"सगळ्यांचीच. म्हणजे, धरायची पद्धत आहे."

"ती ओळ काढा."

कारकुनाने चष्मा वर केला. "वहिनी, ही ओळ तुमच्याच फायद्याची आहे. उद्या सरकारी अपंग पेन्शनला—"

"उद्याचं उद्या. माणसाचं आयुष्य कोणी स्टॅम्पपेपरवर लिहून देतं का? आणि त्याच्याच अंगठ्याने?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री मोज्याची शिवण बघत होता. "अहो, तुम्हीतरी बोला."

"तू म्हणशील ते," मिस्त्री म्हणाला. अपघातानंतर त्याचं बहुतेक बोलणं तिथेच संपायचं.

मालकाचा वकील म्हणाला, "आमची काही हरकत नाही. ओळ असो नसो, आकडा तोच." त्याला साडेअकराला दुसरीकडे जायचं होतं. कारकुनाने दोनदा घसा साफ केला, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं आणि पेनने ओळीवर रेघ मारली. बाजूला तारीख घातली. मिस्त्रीचा डावा अंगठा एकदा कागदाच्या तळाशी, एकदा त्या रेघेशेजारी उठला. मिस्त्रिणीला बरं वाटलं. त्या अख्ख्या वर्षात तिच्या शब्दाने झालेली ती एकच गोष्ट होती.

पैसे आले आणि यायच्या आधीच ते कुठे जायचे हे ठरलेलं होतं. मोठ्या दवाखान्याने अर्धे घेतले. मिस्त्रिणीच्या भावाने उपचाराला दिलेले परत गेले. उरले त्यांत गळणाऱ्या छपरावर नवे पत्रे पडले. पत्रे ठोकताना मिस्त्री खाली उभा राहून सुताराला सांगत होता आणि सुतार "हो मिस्त्री, हो मिस्त्री" करत आपल्याच मनाने ठोकत होता. शेवटी मिस्त्री आत जाऊन बसला.

आता आशा होती ती पेन्शनची. काम करता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, एकतीस वर्षं पगारातून कपात झाली होती, अर्ज गेला होता. म्हातारीची औषधं, दुकानाचं सामान आणि विजेचं बिल ही तीनही माणसं पेन्शनच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, असं मिस्त्रीण म्हणायची.

तोवर ती रोपवाटिकेत पिशव्या भरायला जात होती. काळी प्लास्टिकची पिशवी डाव्या हाताने फुगवायची, उजव्या हाताने तीन मुठी माती आणि एक मूठ खत घालायचं, दोनदा आपटायची, ओळीत ठेवायची. शंभर पिशव्यांवर मजुरी. उकिडवं बसून गुडघे दुपारनंतर आपले राहत नाहीत. ऊन असं की मातीच्या ढिगाला वरून हात लावता येत नाही, आतून उकरून घ्यावी लागते. बायका एकमेकींच्या ओळी बघत नसल्यासारखं करून बघत असत. तिच्या शेजारी एक लठ्ठ, बडबडी बाई बसायची. तिला सगळे रेडिओ म्हणायचे.

"तुझं काय बाई," रेडिओ म्हणाली, "पेन्शन सुरू झालं की तू कशाला येतेस इथे माती खायला."

"माती कोणाला सुटलीय," मिस्त्रीण म्हणाली. पण तिला ते ऐकायला आवडलं होतं. पाऊस पडला की पिशव्या संपतात, रोपं गाड्यांतून जातात आणि बायकांना चार महिने घरी बसवतात. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. त्याआधी पेन्शन सुरू झालं म्हणजे झालं, एवढंच तिचं गणित होतं.

पत्र आलं ते दुपारी. संध्याकाळी मिस्त्रीण घरी आली तेव्हा मिस्त्री पत्र मांडीवर घेऊन बसला होता. पाकीट दाताने फाडलं होतं, कडेला ओलं होतं.

"मंजूर झालंय," तो म्हणाला.

तिने हातपायही धुतले नाहीत. तिथेच उभ्याने पत्र वाचलं. तिला वाचता यायचं, पण सरकारी वाक्यातून वाट काढायला वेळ लागायचा. अपंगत्व मान्य. अर्ज मंजूर. महिन्याची रक्कम अमुक. म्हातारी खाटेवरून विचारत होती, "आलं का? आलं का गं?"

"आलं, आत्याबाई."

मग खालची ओळ तिने वाचली. पुन्हा वाचली. प्रत्यक्ष पैसे मिळायचा महिना लिहिला होता आणि वर्ष लिहिलं होतं. ते वर्ष हे नव्हतं, पुढचंही नव्हतं.

"त्यांचं चुकलंय," ती म्हणाली. "छापताना चुकलं असेल."

मिस्त्री पाकिटाची ओली कड दुमडत बसला. त्याने ते आधीच वाचलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. मंजूर झालंय एवढंच सांगून पुढचं त्याने तिच्यावर सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून दोघं पेन्शनच्या ऑफिसला गेली. दोन बस बदलून. बसमध्ये वरची दांडी मिस्त्रीला डाव्या हाताने धरावी लागे, मग तिकिटाचे पैसे काढायला हात नसे. मिस्त्रीण त्याच्या शर्टाच्या खिशात हात घालून पैसे काढायची. कंडक्टर दुसरीकडे बघायचा. चांगुलपणाने बघायचा, पण बघायचा दुसरीकडेच.

खिडकीत एक बाई होत्या. वयाने मिस्त्रिणीएवढ्याच, केस घट्ट बांधलेले, समोर थंड झालेला चहा. त्यांनी फाइल काढली, पत्र शेजारी ठेवलं.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गिरणीकडून भरपाई मिळाली ना?"

"ती हाताची मिळाली."

"कसलीही असो. पगाराच्या जागी मिळालेला पैसा आणि सरकारी पेन्शन, दोन्ही मिळून जुन्या पगाराच्या ठरावीक भागापेक्षा जास्त होता कामा नये. जास्त झालं की पेन्शन कापतात."

"पण ते पैसे महिन्याला नाही मिळाले. एकदम मिळाले. आणि संपले."

"हो. म्हणून आम्ही ते महिन्यात मोडतो." बाईंनी पेन्सिल घेतली. त्यांना रोज शंभर वेळा सांगावं लागत असणार, तरी त्यांनी सावकाश सांगितलं. "कागदात काही लिहिलं नसेल, तर आम्ही असं धरतो की तुम्हाला जुना पगार दर महिन्याला मिळतोच आहे, रक्कम संपेपर्यंत. तुमची रक्कम अशी त्रेचाळीस महिने पुरते. त्रेचाळीस महिने तुम्हाला पगार आहे असं धरलं, म्हणून त्रेचाळीस महिने पेन्शन नाही."

"पगार कुठे आहे?"

"कागदावर आहे."

मिस्त्रिणीने खिडकीची कड धरली. "आणि कागदात लिहिलं असतं तर?"

"आयुष्यभरावर विभागली असं लिहितात बरेच जण. मग महिन्याला अगदी थोडी रक्कम पडते. तेवढीच कापतात, पेन्शन लगेच सुरू होतं." बाईंनी तडजोडीच्या कागदाची प्रत उलटली. "तुमच्यात तशी ओळ होतीच की. ही बघा. मग कोणी खोडली?"

मिस्त्रीण त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ सरळ होती, पट्टीने मारल्यासारखी. बाजूला नवऱ्याचा अंगठा. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, पुढे सरका."

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसली. मिस्त्री उभा राहिला. जोरात रडावं असं तिला वाटलं, पण आत काहीच हललं नाही. जिथे रडू असतं तिथे कोणीतरी माती भरून दोनदा आपटली होती. ती एवढंच म्हणाली, "मी काढायला लावली."

"मी अंगठा दिला," मिस्त्री म्हणाला. "चल. बस चुकेल."

कारकुनाने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मी सांगत होतो वहिनी."

"सांगत होतात. पण थांबला नाहीत."

ते त्याला लागलं. तो खरंच थांबला नव्हता. बराच वेळ टेबलावरचा दोरा बोटाला गुंडाळत तो बसला. मग म्हणाला, "दुरुस्ती करून बघता येईल. दोन्ही बाजू तयार असतील तर नवा कागद करायचा, ती ओळ पुन्हा घालायची, भरपाईच्या साहेबांपुढे नोंदवायचा. पेन्शनवाले घेतील की नाही छाती ठोकून सांगत नाही. पण आधी मालकाची सही पाहिजे."

म्हणजे गिरणीत जाणं आलं. अपघातानंतर मिस्त्री त्या फाटकातून आत गेला नव्हता. मिस्त्रीण म्हणाली, मी एकटी जाते. तो म्हणाला, नको, येतो. सकाळी तिने त्याच्या शर्टाची बटणं लावली. रोज लावायची, तेव्हा तो छताकडे बघायचा. त्या दिवशी तो तिच्या हातांकडे बघत होता. तिच्या नखांत खत बसलेलं होतं, कितीही घासलं तरी निघत नव्हतं.

गिरणीत तोच वास होता, ओल्या भुशाचा. करवत चालू होती. मिस्त्री आत शिरल्या शिरल्या थबकला आणि मान तिरकी करून आवाज ऐकू लागला. "पट्टा सैल आहे," तो हळूच म्हणाला. करवतीवर आता नवा माणूस होता. आणि करवतीवर झाकण होतं. पिवळा रंग दिलेलं, नव्या बोल्टांनी घट्ट बसवलेलं. मिस्त्रिणीने ते पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं होतं. रुंद ओंडका त्याखालून आरामात जात होता, फक्त जरा सावकाश.

मालकाने खुर्च्या मागवल्या. चहा मागवला. माणूस गोड होता. गोड बोलायला त्याला पैसे पडत नव्हते.

"मिस्त्री, तू म्हणजे घरचा माणूस. तुझ्या जागेवर दोन आणले, तरी काम निम्मं होत नाही." मग त्याने फोन केला, बराच वेळ "हं, हं" केलं आणि ठेवला. "वकील म्हणतो, सही द्यायला हरकत नाही. पण विमा कंपनी विचारणार, फाइल परत का उघडली. त्यांना काहीतरी द्यावं लागतं. एक वाक्य फक्त."

"कसलं वाक्य?" मिस्त्रिणीने विचारलं.

"की अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला. म्हणजे पुढे कोणी गिरणीवर बोट ठेवायला नको." बोट हा शब्द निघून गेल्यावर तो जरा अडखळला. "कागदापुरतं. पैसे काही परत मागत नाही मी."

मिस्त्रीच्या डाव्या हातात कप होता. त्याने तो बशीत ठेवला. थोडा चहा सांडला.

"झाकण तुम्ही काढायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

वर्षभरात तो पहिल्यांदाच हे बोलत होता. आवाज चढलेला नव्हता. मालकाने सांडलेल्या चहाकडे पाहिलं. "मिस्त्री, तो विषय आता झाला ना. तडजोड झाली. मी काय म्हणतोय, तुझ्या पेन्शनसाठी मी सही देतोय. मला काय मिळतंय यात? विचार कर. घाई नाही."

घाई नव्हती ती मालकाला. पाऊस दहा दिवसांवर आला होता. रोपवाटिकेत मातीचा ढीग कमरेएवढा उरला होता आणि मुकादम सांगून गेला होता, शनिवारी शेवटचा दिवस.

घरी दोन दिवस कोणी त्यावर बोललं नाही. मिस्त्री सकाळी दारात बसायचा, दुपारी भिंत धरून आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाजूला सरपणासाठी आणून टाकलेल्या एका ओंडक्याजवळ उकिडवा बसलेला तिला दिसला. डावा तळवा तो ओंडक्यावरून फिरवत होता, सवयीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला तो कापायचा नव्हता आणि कापता येणारही नव्हता. ती आत निघून गेली.

रात्रीचं जेवण वाढताना म्हातारी म्हणाली, "माझ्या औषधाचं राहू दे. मला काय होतंय."

"होतंय काय ते सगळ्या घराला ऐकू येतं," मिस्त्रीण म्हणाली. म्हातारीचा श्वास भात्यासारखा चालू होता.

म्हातारीला रेघेचं कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, पण एका खोलीच्या घरात काय लपतं. ती सुनेला बोलली नाही. थोड्या वेळाने मुलाकडे न बघता म्हणाली, "लिहू दे ती वर्षं. मी माझे शब्द मागे घेते. माझंच डोकं फिरलेलं, म्हातारीचं."

त्या घरात म्हातारीने कधी शब्द मागे घेतलेला नव्हता. मिस्त्रीण वाढता वाढता थांबली. नियम आता उठला होता, पण त्याचा उपयोग संपून गेल्यावर.

"वर्षांचं काही नाही, आई," मिस्त्री म्हणाला. "तेवीस लिहोत नाहीतर तीन. ते दुसरं वाक्य आहे ना." तो डाव्या हाताने घास गोळा करत होता. घास पसरत होता. "एकतीस वर्षांत मी हात फिरवल्याशिवाय एक ओंडका चढवलेला नाही."

"मला माहीत आहे," मिस्त्रीण म्हणाली.

"तुला माहीत आहे. कागदाला नाही ना."

तिला म्हणायचं होतं, नका देऊ अंगठा, मी आणते कुठून तरी, दगड फोडते. पण शनिवार चार दिवसांवर होता आणि दगड फोडण्याचंही काम कुठे निघालेलं नव्हतं. तिच्या न बोलण्यात जे होतं ते त्याला कळलं, आणि त्याला कळलं याची तिला लाज वाटली.

ताट बाजूला करताना तो म्हणाला, "सांग कारकुनाला. लिहू दे."

भरपाईच्या ऑफिसात तोच बाक होता. या वेळी कारकुनाने घाई केली नाही, एकेक शब्द वाचला. पहिलंच वाक्य ते होतं: सदर अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला असून ते त्यास मान्य आहे. त्याच्या पुढे तेवीस वर्षं, महिन्याचा आकडा, सगळं व्यवस्थित. कारकून वाचून झाल्यावर थांबला. मिस्त्रीण मान खाली घालून बसली होती. तिच्या कानात फक्त पंख्याचा आवाज होता.

मिस्त्रीने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. कागदावर नेला आणि तसाच वर धरून बसला, टेकवेना. साहेबांनी वर पाहिलं. मालकाचा वकील म्हणाला, "खाली, उजवीकडे." जणू मिस्त्रीला जागा सापडत नव्हती. मग मिस्त्रीने अंगठा टेकवला. ठसा फिसकटला. दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

शनिवारी मिस्त्रिणीने शेवटच्या दोनशे चाळीस पिशव्या भरल्या. रेडिओ म्हणाली, "मग भेटू पाऊस संपल्यावर. का तू आता पेन्शनवाली?" सगळ्या हसल्या. मिस्त्रीणही हसली. सोमवारी नवा कागद घेऊन दोघं पेन्शनच्या ऑफिसला गेली. आभाळ भरून आलं होतं, हवा हलत नव्हती, बसमध्ये अंगाला अंग चिकटत होतं.

खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी मिस्त्रिणीला ओळखलं. कागद वाचला, तारीख पाहिली, पुन्हा पाहिली, आणि "थांबा हं" म्हणून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मिस्त्रीण त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर बघत उभी राहिली. इतक्या उन्हाळ्यात बाई स्वेटर आणते, म्हणजे आतल्या साहेबांच्या खोलीत थंड असणार, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं.

बाई आल्या. बसल्या. कागदाची घडी सरळ करत राहिल्या, तेव्हाच मिस्त्रिणीला कळलं.

"हा आमच्या निर्णयानंतरचा कागद आहे," त्या म्हणाल्या. "पेन्शन कापू नये म्हणून मागाहून बदललेला कागद आम्हाला धरता येत नाही. आत विचारून आले. पहिलाच कागद धरतात."

"पण ती ओळ आता आहे त्यात."

"आहे. पण पहिल्यात खोडलेली आहे."

"साहेबांपुढे नोंदवलाय. सही आहे, शिक्का आहे."

"कागद खरा आहे. आमच्यासाठी उशिराचा आहे." बाईंनी आवाज खाली आणला. "मला वाईट वाटतं. मी त्या दिवशी हे सांगायला हवं होतं. तुम्ही कागद बदलून आणाल असं वाटलं नाही मला."

म्हणजे त्रेचाळीस महिने. या वेळी मागून कोणी पुढे सरका म्हणालं नाही. तेव्हा तिच्या शेजारून मिस्त्री खिडकीशी वाकला. त्या ऑफिसात तो एकदाही बोललेला नव्हता. बाईंना तो मुका वाटत असावा, कारण त्या दचकल्या.

"मग हा दुसरा रद्द होईल का?" त्याने विचारलं.

"काय?"

"तुम्हाला हा नको आहे. मग हा फाडता येईल का?"

"आमच्याकडून नाही. तो तिकडे भरपाईच्या ऑफिसात नोंदलेला आहे. तो तिकडे तसाच राहणार."

"म्हणजे त्यातलं पहिलं वाक्य राहील."

बाईंनी कागदावर नजर टाकली. पहिलं वाक्य त्यांनी आता नीट वाचलं. मग त्याच्या मोज्याकडे पाहिलं, आणि पटकन दुसरीकडे.

"सगळंच राहील," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने मान हलवली. बाईंनी एक छापील चिठ्ठी पुढे सरकवली, शाईची डबी सरकवली. निर्णय कळवल्याची पोच होती, अंगठा लागणार होता. मिस्त्रिणीने सवयीने त्याचं डावं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं.

"आधी वाचा," तो बाईंना म्हणाला. "मोठ्याने."

बाईंनी वाचलं. "वरील निर्णय मला समजावून सांगण्यात आला असून तो मला समजला आहे."

"अजून काय लिहिलंय?"

"एवढंच."

"माझी चूक होती असं कुठे नाही ना लिहिलेलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "यात नाही."

मिस्त्रीने चिठ्ठी आपल्याकडे ओढून घेतली. तिच्यावरून एकदा तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग अंगठा शाईत बुडवून त्याने तो जिथे लावायचा तिथे, कोणी न दाखवता, नीट लावला.